कुंडी बदलण्याचा मुहूर्त

नर्सरीतून आणलेले झाड पिशवीतून कुंडीत केव्हा हलवायचे, हा प्रश्न वाशीममध्ये विचारला तर तीन उत्तरे ठरलेली असतात. कोणी म्हणते, आणले त्याच दिवशी लावा, पिशवीत झाड गुदमरते. कोणी म्हणते, आठ-पंधरा दिवस हात लावू नका, आधी त्याला घर मानवू द्या. आणि घरातले जुने माणूस म्हणते, आता राहू दे, मृग लागला की बघू. तिन्ही उत्तरे ठामपणे दिली जातात आणि तिन्ही एकमेकांना खोडतात. त्यातले एक शहाणपणाचे आणि बाकीची दोन अडाणीपणाची, असा निकाल देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण रोपांच्या देवाणघेवाणीचा इतिहास पाहिला तर तो निकाल टिकत नाही. ही तीनही उत्तरे आपापल्या काळात अनुभवातूनच तयार झाली. ज्या काळी रोप उघड्या मुळांनी येत असे, त्या काळी ‘लगेच’ हे बरोबर होते. ज्या काळी ते अंगणातच उगवत असे, तेव्हा ‘मृगाला’ हे बरोबर होते. ते दूरच्या बंदिस्त हवेतून येऊ लागले, तेव्हा ‘थांबा’ हे बरोबर ठरले. झाड कसे आले, यावर ते केव्हा लावायचे हे ठरत आले आहे. आजचा घोळ एवढाच की झाडे येण्याची रीत बदलली आणि जुन्या रीतींचे नियम मात्र तोंडी राहिले.

सुरुवात गावापासूनच करता येते, कारण वाशीमचे नाव घरगुती बागेच्या सर्वांत जुन्या वर्णनांपैकी एका वर्णनाच्या शेजारी सापडते. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. चौथ्या शतकात सर्वसेनाने ही शाखा स्थापन केली आणि पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात हरिषेणाच्या काळात अजिंठ्याच्या लेणीकामाला याच घराण्याचा आश्रय होता. वात्स्यायनाच्या कामसूत्रात वत्सगुल्मच्या राजघराण्यातील चालीरीतींचा उल्लेख येतो. त्याच ग्रंथात गृहिणीच्या कामांची यादी देताना घराजवळच्या वाडीचेही वर्णन आहे: भाज्यांचे वाफे, ऊस, जिरे, मोहरी, ओवा, आणि फुलझाडांत मोगरा, जाई, कोरांटी, तगर, जास्वंद. यादी नीट पाहिली तर त्यात विकत आणून लावायचे असे फारसे काही नाही. बी पेरावे, फांदी टोचावी, शेजारच्या वाडीतून मुनवा आणावा, एवढ्यावर ती बाग उभी राहते. झाड ज्या मातीत रुजले त्याच मातीत, त्याच हवेत वाढते. त्यामुळे ‘नव्या झाडाला जुळवून घ्यायला किती दिवस द्यावेत’ हा प्रश्नच तिथे उद्भवत नाही. तो प्रश्न प्रवासाने निर्माण केला.

रोप एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवण्याचा विचार मात्र जुना आहे, आणि त्याची शिस्त आजच्या अनेक सल्ल्यांपेक्षा पक्की आहे. सहाव्या शतकात उज्जैनच्या वराहमिहिराने बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदावर एक अध्याय लिहिला. ज्या रोपांना अजून फांद्या फुटलेल्या नाहीत ती शिशिरात हलवावीत, फांद्या फुटलेली हेमंतात, आणि खोड भरलेली मोठी झाडे पावसाळ्याच्या तोंडाशी, असे तो सांगतो. हलवताना झाडाची दिशा बदलू नये, म्हणजे पूर्वेकडची बाजू पूर्वेकडेच राहावी. मुळापासून खोडापर्यंत तूप, वाळा, तीळ, मध, वावडिंग, दूध आणि शेण यांचा लेप द्यावा. लावल्यावर उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ, थंडीत एक दिवसाआड आणि पावसाळ्यात माती सुकेल तेव्हाच पाणी द्यावे. लेपातल्या प्रत्येक पदार्थाचा उपयोग आज सिद्ध करता येईल असे नाही आणि त्याची गरजही नाही. महत्त्वाचे हे की सगळ्या झाडांना एकच तारीख त्याने दिलेली नाही. झाडाची अवस्था पाहून त्याने वेळ वाटून दिली. कोवळ्या रोपाला पानांचा भार कमी असतो, म्हणून वसंतातली वाढ सुरू होण्याआधी ते हलवता येते. फांद्या आलेल्या झाडाच्या पानांतून पाणी जास्त उडते, म्हणून त्याला हेमंतातली गार हवा. मोठे झाड खणताना मुळे तुटणारच, तेव्हा हवेत आणि मातीत ओल भरपूर असलेला काळ हवा. मुळे किती पाणी घेऊ शकतील आणि पाने किती पाणी उडवतील, या दोन्हींचा मेळ घालणारा हा हिशेब आहे. त्याच अध्यायात रोपणाला योग्य नक्षत्रांची यादीही येते आणि त्यातली बरीच नक्षत्रे निव्वळ मुहूर्ताची आहेत, हे मान्य करायला हवे. पण ऋतूंची वाटणी मुहूर्ताची नाही, ती निरीक्षणाची आहे.

वऱ्हाडातल्या गावांत हा हिशेब ग्रंथातून न येता शेतातून आला. इथली जमीन काळी आणि भारी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पाऊस झाला की ती फुगते आणि पायाला चिकटते. या दोन टोकांमध्ये रोप लावण्याजोगे दिवस थोडेच असतात. रोहिणीत मशागत, मृगात पेरणी, आर्द्रात उगवण, पुढे तरणा आणि म्हातारा म्हणजे पुनर्वसू आणि पुष्याचा पाऊस, अशी कास्तकाराची पावसाळ्याची घडी. घरातले झाड या घडीबाहेर नव्हते. मराठी घरातली सर्वांत जुनी कुंडी म्हणजे तुळशीवृंदावन. कार्तिकात तुळशीचे लग्न लागते, पुढे मंजिऱ्या वाळून बी वृंदावनाच्या पायाशी पडते आणि पहिल्या पावसाने तिथेच रोपे उठतात. त्यातले एखादे जोमदार रोप पाऊस चालू असताना उचलून वृंदावनात बसवायचे, आणि जुने झाड थकले की नवे त्याची जागा घ्यायचे. रोपाचा प्रवास हातभर. माती तीच, ऊन तेच. अशा रोपाला थांबायला लावण्यात अर्थ नव्हता आणि उन्हाळ्यात हलवण्याचे कारण नव्हते. ‘मृग लागला की बघू’ हे वाक्य या घरगुती व्यवहारातून आले आहे आणि त्या व्यवहारापुरते ते चोख आहे.

रोप विकत घेण्याचा मोठा व्यवहार विदर्भात संत्र्याने रुजवला. संत्र्याची लागवड नागपूर परिसरात अठराव्या शतकात भोसल्यांच्या आश्रयाने सुरू झाली, असे मानले जाते. पुढे ती वरुड, मोर्शी, काटोल, अचलपूर असा पट्टा धरत पसरली आणि आजच्या वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव या भागांतही बागा उभ्या राहिल्या. या व्यवहाराच्या मुळाशी पन्हेरी होती. जंबेरीचे बी पेरून रोपे वाढवायची, ती योग्य जाडीची झाली की त्यांच्यावर चांगल्या संत्र्याचा डोळा बांधायचा, आणि कलम तयार झाले की पन्हेरीतून काढून विकायचे. वरुड तालुक्यातील शेंदुरजना घाटचा परिसर या कामासाठी नावाजला. पन्हेरीतली कलमे जमिनीत वाढलेली असत. ती काढली की मुळांभोवतीची बरीचशी माती गळून पडे. मग जुड्या बांधायच्या, मुळांना ओले गवत आणि गोणपाट गुंडाळायचे आणि गाडी हाकायची. असे कलम वावरात पोचल्यावर एक दिवस वाया घालवणे म्हणजे ते हातचे घालवणे. म्हणून लावणीची सगळी सिद्धता आधीच झालेली असे. खड्डे उन्हाळ्यात खणून तापवलेले, शेणखत-मातीने भरलेले, एकदोन पावसांनी बसलेले, आणि कलम आले की त्याच दिवशी मातीत. ‘आणले त्या दिवशी लावा’ हा आग्रह या उघड्या मुळांचा वारसा आहे. ज्या घरांत बागाईत होती, त्या घरांत तो पिढ्यान्पिढ्या टिकला आणि पुढे कुंडीतल्या जास्वंदीलाही लागू झाला, जिची मुळे कधी उघडी पडलेलीच नव्हती.

तिसरे उत्तर, म्हणजे थांबण्याचे, समुद्रावरून आले. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जहाजातून जिवंत रोपे नेणे हा जवळजवळ तोट्याचाच धंदा होता. चीनमधून इंग्लंडला जिवंत पोचणाऱ्या एका झाडामागे हजार झाडे वाटेत मरतात, असा अंदाज चीनमध्ये असलेल्या जॉन लिव्हिंग्स्टन या ब्रिटिश शल्यवैद्याने १८१९ मध्ये लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीला कळवला होता. खारे वारे, गोड्या पाण्याची टंचाई आणि डेकवरचे ऊन यांपुढे रोपे टिकत नसत. लंडनमधले डॉक्टर नथॅनिएल वॉर्ड यांना १८२९ मध्ये एक गोष्ट दिसली. पतंगाचा कोश ठेवलेल्या बंद बाटलीतल्या ओलसर मातीत नेचे उगवले होते आणि पाणी न घालता वाढत होते. त्यांनी काचेच्या बंद पेट्या करवून १८३३ मध्ये रोपांसह सिडनीला पाठवल्या आणि रोपे जिवंत पोचली. पुढे याच पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधला चहा हिमालयाच्या पायथ्याच्या मळ्यांत आणला. पण पेटीतून आलेले झाड आणि पन्हेरीतून आलेले कलम यांत मूलभूत फरक होता. पेटीतल्या झाडाची मुळे शाबूत असत, पाने मात्र आठवडेच्या आठवडे दमट, वारा नसलेल्या हवेत राहून नाजूक झालेली असत. पेटी उघडून ते उन्हात ठेवले आणि वर त्याची मुळेही हलवली, तर एकाच वेळी दोन घाव बसत. म्हणून आधी सावली, हळूहळू मोकळी हवा, आणि नवी वाढ दिसल्यावर कुंडी, ही शिस्त वनस्पती उद्यानांनी अंगी बाणवली. मुंबईत १८३० मध्ये स्थापन झालेली ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया, १८७३ मधले पुण्याचे गणेशखिंड वनस्पती उद्यान अशा संस्थांमधून परदेशी शोभेची झाडे आणि ती वाढवण्याची रीत, दोन्ही महाराष्ट्रात पसरली.

वाशीमपर्यंत ही लाट उशिरा आणि पातळ होऊन आली. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिला. १९०५ पर्यंत वाशीम हा वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा होता, त्यानंतर तो अकोल्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वेगळा झाला. मधल्या शतकात इथल्या व्यापाराचा कणा कापूस होता. मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंद रूळमार्गाची शकुंतला रेल्वे कारंज्यावरून धावे, ती कापसासाठी. शोभेच्या झाडांचा बाजार हा अलीकडचा. त्याच्या आधी घराघरांत जे होते ते फांदीने, बियाने, कंदाने पसरणारे: गुलबक्षी, सदाफुली, जास्वंद, कोरफड, ओवा, आणि बाटलीतल्या पाण्यात सोडलेला मनीप्लांट. हा मनीप्लांट मूळचा प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटाचा, पण इथे तोही विकत न घेता शेजाऱ्याकडून तोडून आणायची चाल. अशा झाडांना कुंडी बदलण्याचा प्रश्न फार छळत नाही. त्यामुळे बाजारातून तयार झाड आणण्याचे दिवस आले, तेव्हा त्यासाठीचे ज्ञान घरात नव्हते. होते ते तुळशीचे आणि संत्र्याचे.

बाजार आणला तो काळ्या पॉलिथिन पिशवीने, आणि या इतिहासातला सर्वांत मोठा बदल हाच. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये कन्हैयालाल मुन्शींनी वनमहोत्सव सुरू केला आणि त्यासाठी जुलैचा पहिला आठवडा निवडला, तो पावसाच्या भरवशावर. पुढे सामाजिक वनीकरणाने रोपवाटिका गावागावांत नेल्या. १९९०-९१ पासून राज्याने रोजगार हमीशी जोडून फळबाग लागवडीची योजना राबवली, तेव्हा रोपांना प्रचंड मागणी आली आणि रोपवाटिका हा स्वतंत्र धंदा झाला. २०१८ मध्ये महाराष्ट्राने प्लास्टिकबंदी आणली, पण रोपवाटिका आणि शेतीसाठीच्या पिशव्यांना त्यातून सूट ठेवावी लागली, इतका हा धंदा त्या पिशवीवर उभा आहे. पिशवीने केले ते एवढेच की मुळे मातीसकट विकता येऊ लागली. उघड्या मुळांच्या कलमाला एक दिवस थांबवत नव्हते, पिशवीतले रोप महिनोन्महिने थांबू शकते. घाई संपली. पण त्याबरोबर नवा दोष आला. पिशवीच्या भिंतीला टेकलेली मुळे वळतात, गोल फिरत राहतात आणि बराच काळ तशीच राहिली तर मोठ्या कुंडीतही ती वळण सोडत नाहीत. म्हणजे पिशवीच्या झाडाला आज लावले पाहिजे असे नाही, पण कधीच लावले नाही तरी चालेल असेही नाही. लावण्याचा काळ एका दिवसाचा न राहता काही आठवड्यांचा झाला, आणि त्या आठवड्यांत नेमके केव्हा, हे झाडाकडे पाहून ठरवण्याची वेळ आली.

आज वाशीमच्या नर्सरीत उभे असलेले झाड बहुधा वाशीममध्ये वाढलेले नसते. महाराष्ट्रात येणाऱ्या शोभेच्या झाडांचे दोन मोठे ओघ आहेत: एक पुण्याच्या परिसरातला, दुसरा आंध्रात राजमहेंद्रीजवळच्या कडियमचा. पुण्याकडचे झाड बहुधा कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात वाढवलेले असते. असे झाड हलके असते, त्याच्या मुळांत हवा खेळते, पण ते एकदा कोरडे पडले की पाणी आत न मुरता कडेने वाहून जाते. कडियमकडचे झाड अनेकदा घट्ट चिकण मातीच्या गोळ्यात बसवलेले असते. लांबच्या प्रवासात तो फुटत नाही म्हणून व्यापाऱ्याला सोयीचा, पण कुंडीत त्रासाचा. गंमत अशी की ही माती परकी नाही. वाशीम जिल्ह्यातून वाहणारी पैनगंगा वर्धेला, वर्धा प्राणहितेत आणि प्राणहिता गोदावरीला मिळते. कडियम त्याच गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात आहे. तरीही अशा गोळ्याभोवती भुसभुशीत मिश्रण भरले तर पाणी सैल भागातून निसटते आणि गोळा आतून कोरडा राहतो. उलट कोकोपीटच्या मुळांभोवती इथली निव्वळ काळी माती ठासली तर ती मुळांजवळचे पाणी एकदा ओढून घेते आणि एकदा तुंबवून धरते. कुंडी बदलताना मरणारी पुष्कळ झाडे तिथीने मरत नाहीत, या दोन मातींच्या सांध्यावर मरतात.

प्रकाशाचे गणित याहून महत्त्वाचे आहे. नर्सरीतल्या शेडनेटखाली मिळणारा प्रकाश घरातल्या कोपऱ्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. फ्लोरिडातल्या अपॉप्का येथील संशोधन केंद्रात चार्ल्स कॉनोव्हर आणि रिचर्ड पूल यांनी १९७० च्या दशकात नेमका हाच प्रश्न हाती घेतला. भर उन्हात वाढवलेला फायकस बेंजामिना घरात आणला की पाने गाळतो. तेच झाड विक्रीपूर्वी काही आठवडे सावलीत ठेवले तर कमी गाळतो. जास्त प्रकाशात तयार झालेली पाने कमी प्रकाशात स्वतःचा खर्च भागवू शकत नाहीत, झाड ती टाकते आणि नव्या परिस्थितीला जमतील अशी पाने काढते. याला ऊर्जा लागते. त्याच दिवसांत मुळे हलवली तर पाणी घेणारी बारीक केसमुळे तुटतात आणि झाडाची मिळकत दोन्हीकडून आटते. वॉर्डच्या पेटीतून उतरलेल्या झाडाला जी शिस्त लागत होती, तीच शेडनेटखालून दिवाणखान्यात आलेल्या झाडाला लागते. म्हणून शाबूत पिशवीतल्या झाडाला दोन-तीन आठवडे पिशवीतच ठेवणे, त्याच्या नेहमीच्या जागी ठेवणे, आणि पानगळ थांबून नवे पान दिसू लागल्यावर कुंडीत हलवणे, हा नियम आजच्या रीतीला धरून आहे.

यावर पहिला आक्षेप असा की नर्सरीची माती निकृष्ट असते, तिच्यात झाड ठेवण्यापेक्षा ती झटकून लगेच चांगल्या मातीत लावलेले बरे. माती निकृष्ट असेलही, पण त्या झाडाची सगळी चालू मुळे तिच्यातच आहेत. माती झटकणे म्हणजे पिशवीने वाचवलेले झाड पुन्हा पन्हेरीतल्या उघड्या मुळांच्या अवस्थेत नेणे. त्या अवस्थेसाठी पावसाळी हवा, छाटलेली पाने आणि तयार खड्डा लागे. दिवाणखान्यात पंख्याखाली यातले काहीच नसते. चिकण गोळा फोडायचाच असेल तर तो भिजवून, कडेने थोडा सैल करून, आणि शक्यतो पावसाळ्यात. शिवाय थांबण्याचा आणखी एक फायदा आहे. पिठ्या ढेकूण, कोळी, खवले कीड यांची लागण असेल तर ती या दोन-तीन आठवड्यांत उघडी पडते आणि घरातल्या इतर झाडांपासून ते झाड वेगळे ठेवता येते.

दुसरा आक्षेप मृगाविषयी आहे, आणि तो तरुण वाचकाकडून येतो. घरातल्या कुंडीवर पाऊस पडत नाही, मग नक्षत्राचा संबंध काय? पाऊस पडत नाही हे खरे, पण हवा घरात येतेच. वाशीमला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि हवा इतकी कोरडी होते की कूलरशिवाय घर चालत नाही. त्या हवेत मुळे दुखावलेल्या झाडाकडून पाणी ओढले जाते आणि ते भरून काढायला मुळे नसतात. जून संपता संपता हवेत दमटपणा येतो, पानांतून होणारा पाण्याचा खर्च उतरतो आणि उबदार मातीत नवी मुळे लवकर फुटतात. मनीप्लांट, क्रोटन, ॲग्लोनिमा या उष्ण प्रदेशातल्या झाडांची वाढही याच काळात जोमात असते. तेव्हा मृग पाळायचा तो नक्षत्र म्हणून पाळावा असे नाही. हवेतल्या ओलीची ती गावाला ठाऊक असलेली खूण आहे आणि त्या अर्थाने ती घरातही लागू आहे. मात्र जेड, स्नेक प्लांट, झेडझेड यांसारख्या पाणी साठवणाऱ्या झाडांना हा नियम जसाच्या तसा लावू नये. त्यांना पावसाळी गारठ्यापेक्षा कोरडी, उबदार माती मानवते आणि कुंडी बदलल्यावर काही दिवस पाणी न दिलेलेच बरे असते.

तिसरा आक्षेप व्यवहारातला आहे: झाडे घेतली जातात ती ऋतू पाहून नाही, वास्तुशांत, लग्न, दिवाळी, वाढदिवस पाहून. मग मे महिन्यात भेट मिळालेले झाड जूनपर्यंत पिशवीत ठेवायचे का? बहुतेक वेळा, हो. पिशवी तशीच मोठ्या मातीच्या कुंडीत उभी करून भोवती ओला पालापाचोळा किंवा कोकोपीट भरले तर मुळे गार राहतात आणि देखणेपणाही साधतो. पण अपवाद ओळखता आले पाहिजेत. पिशवी फाटून गोळा फुटला असेल, तळातून आलेली मुळे वाळत असतील, किंवा मुळांना कुजका वास येत असेल, तर वाट पाहणे घातक. तिथे संत्र्याच्या कलमाचा नियम लागतो: आजच, संध्याकाळी, सावलीत, काही पाने कमी करून. आणि दिवाळीच्या सुमारास आणलेले झाड हेमंताच्या गार हवेत दोन-तीन आठवड्यांनी हलवायला हरकत नाही. फांद्या फुटलेल्या झाडांसाठी वराहमिहिराने हाच ऋतू सांगितला आहे आणि तो इथल्या हिवाळ्याला अजूनही लागू पडतो.

लावण्याच्या पद्धतीतही संत्र्याच्या बागांनी शिकवलेला एक धडा कुंडीला उपयोगी आहे. भारी काळ्या जमिनीत कलम खोल लावले आणि डोळा बांधलेली जागा मातीखाली गेली की मूळकूज आणि डिंक्या येतो, हे विदर्भातल्या बागाइतदारांनी फायटॉप्थोरा बुरशीमुळे महागात शिकून घेतले आहे. नागपूरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने निर्जंतुक मिश्रणात, पिशवीत वाढवलेल्या रोगमुक्त कलमांचा आग्रह धरला, तो याच कारणाने. कुंडीतही झाड पिशवीत जितके खोल होते तितकेच ठेवावे, खोड पुरू नये. नवी कुंडी आधीपेक्षा दोन बोटे मोठी असावी, एकदम दुप्पट नको, कारण मुळे न पोचलेली माती ओली राहून आंबते. काळी माती वापरायचीच असेल तर ती कुंडीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नसावी, बाकी कुजलेले शेणखत, जाड वाळू आणि पालापाचोळा. आणि कुंडी शक्यतो कुंभाराची, बिनरंगाची. तिच्या अंगातून ओल बाहेर पडते, जे काळ्या मातीला हवेच असते.

एवढे सगळे पाहिल्यावर तीन उत्तरांतले एक निवडण्याची गरज उरत नाही. उघड्या मुळांचे रोप आले तर त्याच दिवशी लावा. अंगणातले रोप अंगणातच हलवायचे असेल तर पावसाची वाट पाहा. पिशवीतले झाड नर्सरीतून घरात आले असेल तर दोन-तीन आठवडे त्याला त्याच्या जागी राहू द्या, नवे पान आले की हलवा, आणि उन्हाळा असेल तर जूनपर्यंत थांबा. नर्सरीवाल्याला किंमत विचारण्याआधी झाड कुठून आले, कशात वाढले आणि पिशवीत किती दिवस आहे, हे विचारण्याची सवय लावून घ्या. कुंडी केव्हा बदलायची, याचे निम्म्याहून अधिक उत्तर त्यातच मिळते.